हिरव्या पाण्याचा ऑक्टोबर

पाऊस गेला की ठाण्यात ऊन परत येतं ते थेट अंगावर. यंदाही आलं. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत सकाळीच सावल्या आखडून भिंतींना चिकटल्या, समोरच्या गच्चीवर चार महिने कोंदटलेल्या गाद्या-गोधड्या उन्हाला पडल्या, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याबाहेर घसा धरून बसलेल्या माणसांची रांग लागली. सगळे म्हणतात, काय हा उकाडा. मला उकाड्याच्या आधी वास येतो. रिक्षा एखाद्या पुलावरून जाते, खालून नाल्याचा गरम, आंबूस श्वास वर येतो, शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावते, आणि मी नकळत मान बाहेर काढून पाण्याचा रंग बघते. ही खोड आता जायची नाही. पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यातच माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली.

पाऊस सगळ्यांची अब्रू राखतो. नाल्यात काय सोडलंय, कोणी सोडलंय, हे तो पातळ करून, ढकलून, खाडीपलीकडे नेऊन टाकतो. आश्विनात पाणी आटतं, चालायचं थांबतं, आणि मग त्यात जे खरोखर आहे तेवढंच उरतं. म्हणून आमच्या खात्यात या दिवसांचे नमुने महत्त्वाचे मानतात. म्हणूनच मला हे दिवस सुखाचे जात नाहीत. त्या एका ऑक्टोबरपासून तर नाहीच.

माझं माहेर डोंबिवलीचं. लहानपणी आमच्याकडे आई पाण्यात तुरटी फिरवायची. गाळ हळूहळू तळाशी बसायचा, वरचं पाणी आरशासारखं व्हायचं, आणि ती म्हणायची, "झालं शुद्ध." वडिलांबरोबर कल्याणला आत्याकडे जाताना नदीवर जलपर्णीची जांभळी फुलं दूरवर पसरलेली दिसत. मला वाटे, कोणी हौसेनं बाग लावली आहे. ती फुलं कशावर पोसतात हे पुढे शिकताना कळलं. कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला आणि आईचा तो आरसा तडकला. स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांत किती अंतर असतं, ते त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. घरी कोणी पाण्याचा पेला पुढे केला तरी मी क्षणभर थांबते. विवेक, माझा नवरा, यावरून माझी थट्टा करतो.

त्या वर्षी माझ्याकडे घोडबंदर रोडच्या बाजूचं एक गावतळं होतं. गाव म्हणायचं ते नावापुरतं. पूर्वी तिथे भातखाचरं आणि खालच्या अंगाला मिठागरं होती, आता टॉवर आहेत. पण तळं राहिलं, तळ्याकाठचं देऊळ राहिलं, आणि मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे तळ्यात उड्या मारणारी पोरं राहिली. तळ्याच्या एका बाजूला पत्र्याची एक चाळ, तिला पालिकेचं एकच सार्वजनिक शौचालय. दुसऱ्या बाजूला, जरा चढावर, काचेच्या बाल्कन्या असलेली उंच इमारत. त्या दोन्हींच्या मधून पावसाळी पाण्याचा एक नाला येऊन तळ्यात उतरायचा आणि तळ्याचं जादा पाणी पुढे खाडीकडे जायचं.

त्या उंच इमारतीत माझी नणंद राहते. मेधाताई. विवेकची मोठी बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्तीनंतर सोसायटीची सेक्रेटरी झाली. आई गेल्यावर विवेकला तिनेच वाढवलं. आमच्या लग्नात माझ्या सासूच्या जागी तीच उभी होती. हे सगळं आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

पाणी तपासणं हे वाट बघण्याचं काम आहे. नमुन्याची बाटली आधी वाफेत निर्जंतुक करायची, तिच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, पाण्यात हातभर खाली नेऊन उघडायची, भरली की बर्फाच्या डब्यात ठेवायची. प्रयोगशाळेत ते पाणी जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत घालायचं आणि उबेच्या कपाटात ठेवून द्यायचं. मग काही करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं की जांभळं जांभळंच राहिलेलं असतं, किंवा पिवळं झालेलं असतं. पिवळं झालं आणि आतल्या इवल्याशा नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला दिसला, तर पाण्यात माणसाच्या आतड्यातले जिवाणू असल्याचा संशय धरायचा. मग आणखी जास्त उष्णतेत दुसरी चाचणी, की खात्री पटते. त्या ऑक्टोबरात पहिल्या नमुन्याच्या सगळ्या नळ्या पिवळ्या झाल्या. मी पाणी पातळ करून पुन्हा लावलं. पुन्हा पिवळ्या. अजून पातळ केलं. तरी पिवळ्याच.

दसऱ्याला आम्ही मेधाताईकडे जेवायला गेलो होतो. बाल्कनीतून तळं खाली ताटासारखं दिसत होतं. पोरं एकामागून एक सूर मारत होती आणि त्यांचा आरडाओरडा वर येईपर्यंत गोड होऊन येत होता. आत स्वयंपाकघरात लक्ष्मी पुऱ्या तळत होती. ती जालन्याकडची, खालच्या चाळीत राहायची आणि या इमारतीत चार घरी कामं करायची. तिची मुलगी ज्योती सहावीत होती. त्या आठवड्यात ज्योती शाळेत गेली नव्हती.

"ताप हटत नाही ताई," लक्ष्मी मला म्हणाली. "पोटात बी काय ठरत नाही. चाळीत अजून दोघा-तिघांना हाय तसंच."

"तळ्यात पोहते का ती?"

"रोज. पाण्यातून भायेर येत नाही पोरगी."

मेधाताईनं ते ऐकलं. बाल्कनीच्या कठड्याला टेकून ती खाली बोट दाखवत म्हणाली, "तो संडास बघ. सगळं त्यातूनच उतरतंय. शुभा, आम्ही सोसायटीतर्फे पालिकेला पत्र दिलंय. तो पाडा, आणि त्या लोकांची दुसरीकडे सोय करा. त्यांच्याही भल्याचंच आहे." तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. शाळेत पोरांना रांगेत उभं करतानाचा तोच आवाज. लक्ष्मी पाठमोरी होती. तिनं झारा कढईवर दोनदा आपटून तेल निथळवलं आणि पुरी ताटात टाकली.

तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. तळ्याला लागून जुनाट शौचालय आणि तळ्यात हे जिवाणू. दोन आणि दोन चार.

त्यानंतरचा आठवडा मला अजून अंगावर आल्यासारखा आठवतो. ज्योतीला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. टायफॉईड निघाला. तिला बघायला गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि सलाईनच्या हातावर कोणीतरी बॉलपेननं फुलपाखरू काढलं होतं. लक्ष्मी उशाशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचं संडास पाडणार म्हणत्यात. साहेब येऊन बघून गेले. पाडल्यावर पोरीबाळींनी जायाचं कुठं, ते तेवढं इचारा तुमच्या हापिसात."

मी विचारलं. आमच्या साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्राचं कात्रण होतं, तळ्याच्या फोटोसकट. त्यांच्यावर वरून दबाव होता, आणि तो त्यांच्या मानेत दिसत होता.

"मॅडम, तुमच्याच रिपोर्टात लिहिलंय, मानवी विष्ठेचे जिवाणू," ते म्हणाले. "तळ्याकाठी शौचालय एकच आहे. सोमवारी जेसीबी लागेल. अजून काय पुरावा पाहिजे?"

"जिवाणू आहेत एवढंच मी सांगितलंय, सर. ते कुठून आले हे नळी सांगत नाही."

"मग कोण सांगतं?"

उत्तर माझ्या शेजारी बसलेल्या म्हात्रेनं दिलं. म्हात्रे मलनिःसारण विभागातला कनिष्ठ अभियंता, कोलशेतकडच्या जुन्या कुटुंबातला. त्याच्या आजोबांची मिठागरं होती. "डाय टाकू या सर," तो म्हणाला. "रंग. शौचालयात टाकायचा, पाणी सोडायचं, नि नाल्याच्या तोंडाशी उभं राहायचं. त्याच वाटेनं येत असेल तर हिरवं पाणी दिसेल. नाय दिसलं तर वर जाऊन बघू."

साहेबांनी कपाळ चोळलं. "सोमवारच्या आत करा," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा बातमी आधीच पसरली होती. चाळीतली माणसं शौचालयापाशी गोळा झाली होती. कोणी ओरडत नव्हतं. त्या शांततेचीच मला भीती वाटली. एक म्हातारा पायरीवर बसून होता, जणू तो उठला की भिंत पडेल. रंगाची पूड नारिंगी असते. म्हात्रेनं ती बादलीतल्या पाण्यात टाकली आणि ढवळली तसं पाणी चमकत्या हिरव्या रंगाचं झालं, पोपटाच्या पंखासारखं. पोरं हसली, मग मोठ्यांचे चेहरे बघून गप्प झाली. बादल्या ओतल्या, टाकीतलं पाणी सोडलं. मी धावत खाली नाल्याच्या तोंडाशी गेले.

वाट बघायची मला सवय आहे, पण प्रयोगशाळेत ती एकटीनं बघायची असते. इथे माझ्या मागे सगळी चाळ उभी होती. नाल्यातून गढूळ पाणी येत होतं, साबणाच्या फेसाचे तुकडे, एखादी शेंदरी झेंडूची पाकळी. प्रत्येक वेळी पाण्यावर उन्हाचा कवडसा हलला की कुणीतरी श्वास ओढायचं. हिरवं काही आलं नाही. म्हात्रेनं पुन्हा रंग टाकायला लावला. ऊन डोक्यावर चढलं. तरीही नाही. चाळीच्या शौचालयाची टाकी उतारावरून उलट्या बाजूला, मुख्य गटाराकडे वाहत होती. त्यातला थेंबही तळ्यात येत नव्हता.

मी वर येऊन साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मग वर जा."

वर म्हणजे नाल्याच्या काठानं चढत इमारतीपर्यंत. तिथे भिंतीतून एक जाडजूड पाइप नाल्यात उघडत होता. पावसाचं पाणी काढायचा पाइप. पाऊस थांबून दोन आठवडे झाले होते, आणि त्यातून पाणी येत होतं. म्हात्रे वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथं नका थांबू पायजे तर. माझी माणसं करतील."

त्याला माहीत होतं तिथे माझं कोण राहतं. "थांबते," मी म्हणाले.

इमारतीच्या गेटवर मेधाताई आधीच येऊन उभी होती, घरातल्या चपलांवर, हातात चष्मा. वॉचमननं फोन केला असणार.

"हे काय चाललंय?" तिनं मला विचारलं.

"चाचणी आहे, ताई. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात रंग टाकायचाय. काही खराब होणार नाही."

"आमचं सांडपाणी आमच्या प्लँटमध्ये शुद्ध होतं. बिल्डरनं बसवून दिलाय. कागद आहेत."

"असतील ताई. पाच मिनिटांचं काम आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. विवेकला पहिल्यांदा माझ्याविषयी विचारताना तिनं असंच बघितलं असेल. मग ती बाजूला झाली.

रंग टाकला. मी पाइपच्या तोंडाशी उकिडवी बसले. माझ्या मागे कोणकोण होतं ते मला आठवत नाही. पाण्याचा आवाज आठवतो, पाइपात आधी दूर, मग जवळ. आणि मग ते आलं. आधी एक धागा, मग पट्टा, मग सगळा नाला हिरवा. इतका सुंदर हिरवा की क्षणभर मनात दुसरं काही आलं नाही. तो पट्टा उतरणीवरून वळला आणि तळ्याच्या पाण्यात पंख्यासारखा उघडला. तळ्याच्या पायरीवर बसलेली बाई उठून उभी राहिली. वर बघितलं तर बाल्कन्यांमध्ये माणसं आली होती, मजल्यामजल्यावर, आणि ती सगळी खाली बघत होती.

मागे वळले तर मेधाताई उभी होती. ती वळून आत गेली.

खरं काय होतं ते पुढे निघालं. इमारतीचा शुद्धीकरण प्लँट पावसाच्या आधीच बंद पडला होता. देखरेख करणाऱ्या माणसानं मैलापाणी पर्यायी नळीनं वळवलं होतं, आणि ती नळी जिथे जायला हवी तिथे न जाता पावसाळी पाइपाला जोडलेली होती. बिल्डरनं जोडली, की नंतर कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्लँट बंद आहे हे कमिटीला माहीत होतं. पाणी तळ्यात जातंय हे माहीत नव्हतं, असं मेधाताई म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते. काचेच्या बाल्कनीतून तळं ताटासारखं दिसतं. ताटात काय वाढलंय ते तिथून दिसत नाही.

रविवारी ती आमच्याकडे आली. नौपाड्यातल्या आमच्या घरी ती आली की आधी तुळशीला पाणी घालायची, मग बसायची. त्या दिवशी सरळ बसली. विवेक चहा ठेवायला उठला आणि स्वयंपाकघरातच रेंगाळला.

"अहवाल सोमवारी जाणार?" तिनं विचारलं.

"हो ताई."

"गेला की ते पाइप बुजवतील. प्लँट चालू व्हायला आठवडे लागतील. दीडशे कुटुंबं आहेत, शुभा. म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत. दिवाळी तोंडावर आलीय. मी तुला खोटं लिही म्हणत नाहीये. मी म्हणते, दिवाळीनंतर दे. तोवर आम्ही दुरुस्त करून घेतो."

"तोवर पाणी तळ्यातच जाणार."

"चार महिने जातच होतं. दोन आठवड्यांनी काय होणार?"

"ताई, लक्ष्मीची ज्योती अजून दवाखान्यात आहे."

"मला माहितेय ती कुठे आहे," ती एकदम म्हणाली. "मी जाऊन आले काल. तिच्यासाठी फळं नेली होती, तिनं मान फिरवली." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मी चाळीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलंय. आता सगळ्या इमारतीसमोर माझी ही शोभा होणार. तू घरचीच ना? एवढंही थांबता येत नाही?"

विवेक दारात कप घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं काही सांगितलं असतं, हो किंवा नाही, तर बरं झालं असतं. त्यानं कप टीपॉयवर ठेवले आणि बहिणीशेजारी बसला.

मी म्हणाले, "सोमवारी जेसीबी येणार आहे, ताई. अहवाल गेला नाही तर चाळीचं शौचालय पाडतील. ते थांबवायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

ती उठली. चहा तसाच राहिला. दारात पायात चप्पल सरकवताना तिचा तोल गेला. विवेकनं हात दिला, तो तिनं घेतला. माझ्याकडे मात्र तिनं बघितलं नाही.

अहवाल गेला. जेसीबी आला नाही. मंगळवारी म्हात्रेच्या माणसांनी नाल्यातला पाइप सिमेंटनं बुजवला. सांडपाण्याला वाट उरली नाही, ते उलटं फिरलं आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये भरलं. पालिकेचे उपसा टँकर रोज फेऱ्या मारत होते, तरी गाड्यांची चाकं बुडालेली होती. आकाशकंदील लावलेल्या बाल्कन्यांखाली तो वास. वर्तमानपत्रात फोटो आला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नाव फिरलं. "सेक्रेटरीच्या भावजयीनेच केलं." कोणी मेधाताईला दोष दिला, कोणी मला, कोणी दोघींना. तिनं दोन दिवसांत राजीनामा दिला.

भाऊबीजेला ती आमच्याकडे आली नाही. विवेक एकटा तिच्याकडे गेला. परतला तेव्हा कपाळावर कुंकू होतं आणि चेहरा दमलेला होता. "काय म्हणाल्या ताई?" मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही. जेवायला वाढलं. खिडक्या बंद होत्या सगळ्या, पंखा मोठा केला होता." मग बूट काढता काढता म्हणाला, "तू बरोबर केलंस. पण मला काही विचारू नकोस त्याबद्दल काही दिवस." मी काही दिवस विचारलं नाही. घरात दोन माणसं एकमेकांना न दुखावता वावरत असली की घर फार मोठं वाटतं.

ज्योती बरी होऊन घरी आली, केस गळलेली, हडकुळी. मला वाटत होतं, निदान लक्ष्मीला आनंद झाला असेल. मी तिला भेटायला चाळीत गेले. तिनं बसायला चटई टाकली आणि म्हणाली, "संडास वाचलं तुमच्यामुळं. ते खरं हाय. पर त्या बिल्डिंगीत आता आमाला कुणी कामाला घेत नाही. आमच्यामुळंच झालं सगळं, असं म्हणत्यात. मेधाबाई तेवढ्या ये म्हणतात. मी जात नाही." ती हे रागानं सांगत नव्हती. मी त्या चटईवर बसून तिनं दिलेलं पाणी प्यायले, आणि ते पिताना थांबले नाही. तेवढंच मला करता आलं.

मग जे झालं त्याला बातमीची किंमत नव्हती. म्हात्रेच्या विभागानं इमारतीची वाहिनी मुख्य गटाराला जोडून दिली. प्लँट दुरुस्त झाला, आणि तो चालू आहे की नाही हे बघायला पालिकेचा माणूस दर महिन्याला जाऊ लागला. नाल्यावर वरपासून खालपर्यंत अशीच रंगाची चाचणी झाली, तेव्हा आणखी तीन इमारती आणि एक मंगल कार्यालय निघालं. तळ्यात हवा सोडणारी कारंजी बसली. "पोहण्यास मनाई" असा फलक लागला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना तो फार लागला. म्हात्रेचे वडील त्याला म्हणाले म्हणे, "ज्या तल्यान आमी पव्हाला शिकलो, तिथं तू पाटी लावलीस?" म्हात्रे मला हे सांगून हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. मी दर आठवड्याला नमुना घेत राहिले. पिवळ्या नळ्यांत हळूहळू एखादी जांभळी राहू लागली, मग दोन. कधी पुन्हा सगळ्या पिवळ्या. जखम भरते तसं ते पाणी भरत होतं, खपली धरून, खपली काढून. एखाद्या सोमवारी कपाटात सगळं जांभळं दिसलं की मी दार लावून पुन्हा उघडायची, आपण नीट बघितलं ना म्हणून.

मला कधीकधी वाटतं, शहरात एकत्र राहणं म्हणजे एकमेकांचं पाणी पिणंच आहे. वरच्याचं खालच्याकडे येतं, खालच्याचं खाडीत जातं, खाडीचं भरतीला परत येतं. कोणाच्या आतड्यातलं कोणाच्या पोरीच्या रक्तात पोचतं. हे ज्याला दिसतं त्याला शेजाऱ्याशी गोड बोलणं जरा अवघड जातं, आणि न बोलणंही.

मेधाताईशी माझं बोलणं त्यानंतर सणासमारंभापुरतं राहिलं. लग्नात, बारशात आम्ही एकमेकींना हळदीकुंकू लावायचो, तब्येतीची चौकशी करायचो. तळ्याचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही. मी नमुन्याला तिकडे गेले तरी वर तिच्या घरी जात नसे. वर बघतही नसे.

गेल्या आठवड्यात दुपारी कार्यालयात असताना तिचा फोन आला. एवढ्या वर्षांत तिनं मला स्वतःहून केलेला पहिला.

"शुभा, मी खाली नाल्यापाशी उभी आहे," ती म्हणाली. "सकाळपासून वास येतोय. पाण्यावर करडा फेस आहे. ऑफिसात तक्रार केली तर म्हणाले उद्या येऊ. तू येतेस?"

मी बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन निघाले. पोचले तेव्हा ती उन्हात उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, एका हातानं कठडा धरून. आता तिचे गुडघे दुखतात. तरी ती माझ्या मागून काठाच्या पायऱ्या उतरली. मी नको म्हणाले, तिनं ऐकलं नाही. बाटली पाण्यात बुडवताना मी तिला म्हणाले, "ताई, झाकण तेवढं धरा. आतून बोट लावू नका." तिनं ते दोन बोटांच्या चिमटीत, श्वास रोखून धरलं.

"आमचंच निघेल का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. वर अजून बऱ्याच इमारती झाल्यात."

"आमचं असेल तरी लिही."

मी बाटलीला झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, बर्फात ठेवली. पायऱ्या चढताना तिनं माझ्या दंडाला धरलं. वर आल्यावर ती म्हणाली, "तुला दर वेळी भीती वाटते का गं, नळीत काय येईल याची?"

"दर वेळी."

ती मान हलवत राहिली. रिक्षा आली, मी डबा आत ठेवला, आणि मी बसायच्या आधी तीच आत सरकून बसली. "मीही येते लॅबपर्यंत," ती म्हणाली. "घरी बसून काय करू?" तिनं डबा मांडीवर घेतला. घोडबंदर रोडवर नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती, ऊन आत येत होतं, आणि रस्त्यात खड्डा आला की ती दोन्ही हातांनी डबा उचलून धरत होती.